आधी मलम, मग सुई

अख्ख्या वऱ्हाडात माझ्या आत्याइतकी भांडखोर, हेकट आणि मोठ्या आवाजाची दुसरी बाई नसेल, आणि जिच्यासमोर लहान मुलं सुईसाठी आपणहून हात पुढे करतात अशीही दुसरी नसेल, हे मी अमरावतीत कुणाहीसमोर छातीठोकपणे सांगते. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कुणी आपला भाचा अमेरिकेत काय करतो ते सांगू लागलं, कुणी आपल्या जावयाची गाडी केवढी ते सांगू लागलं, की मी शांतपणे चहा संपवते आणि म्हणते, "माझी आत्या अकोल्यात भूलतज्ज्ञ होती." समोरचे सौजन्याने मान हलवतात. त्यांना वाटतं, त्यात काय एवढं? मग मी सांगायला लागते, आणि पुढच्या तासाची घंटा होईपर्यंत कुणाच्या भाच्याला किंवा जावयाला पुन्हा संधी मिळत नाही.

आत्या दिसायला उंच, हाडापेराने मजबूत, आणि चालताना जमिनीला ताकीद देत असल्यासारखी चालते. माहेर शेंदूरजनाघाटचं, घरची संत्र्याची बाग, त्यामुळे लहानपणापासून मजुरांना या टोकाहून त्या टोकाला हाक मारायची सवय. तीच सवय ती ऑपरेशन थिएटरमध्ये घेऊन गेली. तिथले सर्जन म्हणायचे, "मॅडम, पेशंट तुमच्या औषधानं झोपतो, पण तुमच्या आवाजानं उठतो." मी शिकायला अकोल्याला होते तेव्हा जठारपेठेतल्या तिच्या घरी दोन वर्षं राहिले. ती मुलांची डॉक्टर नाही. मुलांचे गालगुच्चे घेणं, बोबडं बोलणं, गोळ्या-चॉकलेटं वाटणं यातलं तिनं आयुष्यात काही केलेलं नाही. तीन वर्षांच्या मुलाशीही ती तालुक्याच्या तहसीलदाराशी बोलावं तसं बोलते. पण लहान मुलाला चार जणांनी दाबून धरलंय आणि पाचवा त्याला टोचतोय, हे दृश्य दिसलं की ती जे करते, त्याला भांडण हा शब्द अपुरा आहे.

तिचं सारं तत्त्वज्ञान एका वाक्याचं. कातडी सुन्न करता येते, तर करा. सुन्न करणारं मलम आहे, ते लावून वर प्लास्टिकची पट्टी चिकटवून तासभर थांबा, मग रक्त काढा, सलाईन लावा, काय करायचं ते करा. जखम शिवायची असेल तर भुलीच्या औषधाचा बोळा आधी जखमेवर धरा, मग बारीकातल्या बारीक सुईनं, जखमेच्या कडेतून, हळू हळू भूल भरा. तान्ह्याला टोचायचं असेल तर आईच्या छातीशी, दूध पिताना टोचा. एवढंच. हे सगळं पुस्तकात लिहिलेलं आहे आणि सगळ्या डॉक्टरांनी वाचलेलं आहे, असं ती म्हणते. "फक्त वाचतानी त्याईले घाई होती."

तिच्या हाताखाली शिकायला येणाऱ्या नव्या डॉक्टरांची ती एक परीक्षा घ्यायची. फ्रीजमधून बाटली काढून औषध थंडगारच भरायचं, सुई जरा जाड घ्यायची, आणि "हात पुढे कर" म्हणून त्या डॉक्टरच्याच दंडाला झटक्यात टोचायची. तो कळवळला की दुसरी सुई. ही बारीक. औषधाची बाटली तोवर तिनं मुठीत धरून कोमट केलेली, आणि ती इतकी सावकाश भरायची की ती टोचतेय की गप्पा मारतेय ते कळू नये. "फरक समजला?" तो म्हणायचा, समजला. "आता हा फरक तुह्या तोंडानं सांगू शकतं तू. चार वर्षाचं पोट्टं सांगू शकत नाही, ते फक्त रडते. म्हणून आपल्याले वाटते का त्याले फरक नसतो." एकदा चांगला सहा फुटी, कुस्तीगिरासारखा दिसणारा पोरगा पहिल्या सुईलाच चक्कर येऊन पडला. आत्यानं त्याचे पाय उंच करून ठेवले, तो शुद्धीवर येईपर्यंत शेजारी बसून राहिली आणि मग म्हणाली, "तू लय चांगला डॉक्टर होशीन. तुले लागते."

दुसऱ्याच्या अंगावर प्रयोग करण्याआधी ती तो स्वतःच्या अंगावर करायची. बाजारात कुठलं नवं मलम आलं की संध्याकाळी तिच्या मनगटावर पांढरा थर आणि त्यावर पोळ्या गुंडाळायचं प्लास्टिक. तसंच ती भाजी आणायला जायची. भाजीवाली वजन करत असताना ही साडीची पिन काढून हाताला टोचून बघायची, पुन्हा टोचायची, आणि "चाळीस मिनिटात काईच सुन्न नाही, म्हणजे तासभर पायजेच" असं मोठ्यानं म्हणायची. भाजीवालीनं मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या आत्याबाईचं घरी सगळं बरं हाय ना वं?" मी म्हटलं, बरं आहे. ती म्हणाली, "मंग देव पावला," आणि कोथिंबिरीची एक जुडी जास्त दिली.

या मलमाच्या ट्यूब घरभर असायच्या. अकोल्याच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं काहीही पातळ होतं, म्हणून फ्रीजमध्ये कैरीच्या लोणच्याला टेकून एक, तिच्या पर्समध्ये एक, गाडीत एक. शेंदूरजनाघाटला माझ्या चुलतभावाच्या लग्नात एका काकूंनी आत्याच्या पर्समधली ट्यूब ओठांना लावायचं क्रीम समजून सढळ हातानं ओठांवर फिरवली. मग जेवणाच्या पंगतीत त्यांना कढी प्यायची होती. कढी ओठांतून आत जायच्या ऐवजी पदरावर येऊ लागली आणि काकू "मले लकवा मारला, मले लकवा मारला" असं म्हणू लागल्या, तेही नीट म्हणता येईना. निम्मी पंगत उठली. कुणी गाडी काढा म्हणालं, कुणी कांदा हुंगवा म्हणालं. आत्या आली, काकूंचा ओठ दोन बोटांत धरून पाहिला, ओल्या रुमालानं पुसून काढला, वास घेतला आणि म्हणाली, "लकवा नाही. माही ट्यूब आहे. थोड्या वेळात ओठ वापस येतीन. तोवर कोणाले काही बोलू नका." घरातल्या जाणत्या माणसांचं मत असं की काकू इतका वेळ गप्प बसल्याचा तो पहिलाच प्रसंग, आणि त्या दिवसापासून माहेरात आत्याच्या शास्त्राला मान मिळाला.

आता या सगळ्याच्या मुळाशी काहीतरी दुःखद कहाणी असणार, असं सगळ्यांना वाटतं. आमच्या घरातही एक कहाणी आहे. माझ्या बाबांच्या पाठीवर लहानपणी मोठं गळू झालं होतं, ते गावातल्या एकानं भूलबिल न देता कापलं, बाबांना माणसांनी धरून ठेवलं होतं, आणि पाय धरायला दहा वर्षांच्या आत्याला बसवलं होतं. म्हणून ती पुढे भूलतज्ज्ञ झाली, असं बाबा पाहुण्यांना गहिवरून सांगतात. मी एकदा आत्याला विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "गळू कापलं होतं, खरं आहे. पाय मी धरले होते, तेही खरं. पण त्याच्यासाठी नाही. पोट्ट्याईले दुखते म्हणून. याच्याहून मोठं कारण कायले पायजे तुमाले?" आणि भाकरी तव्यावर टाकली.  अजूनही मला यापेक्षा चांगलं कारण सुचलेलं नाही.

तिची आणखी एक सक्त गोष्ट म्हणजे मुलांशी खोटं बोलायचं नाही. "काही दुखणार नाही हं" हे वाक्य तिच्यासमोर उच्चारणाऱ्या नर्सला ती वॉर्डाबाहेर काढायची. आणि त्याहून मोठा गुन्हा म्हणजे सुईची धमकी. आपल्याकडे मूल जेवलं नाही, झोपलं नाही, रांगेतून बाहेर गेलं, की आई म्हणते, थांब, डॉक्टर सुई देतील. हे कानावर पडलं की आत्या अनोळखी घरातही उठून उभी राहते. आणि याच सवयीमुळे प्रज्ञाची नि आमची गाठ पडली.

तेव्हा आत्या नुकतीच निवृत्त झाली होती. आकोटला एका नातलगांच्या घराची वास्तुशांत होती, तिथे राहून सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी अकोल्याला परत निघालो होतो. गाडी सुटायच्या आधीच मागे आरडाओरडा सुरू झाला. एक बाई सहासात वर्षांच्या मुलीला गाडीत चढवत होती आणि मुलगी दाराच्या दांड्याला वेल गुंडाळावी तशी गुंडाळली गेली होती. कंडक्टरनं एकेक बोट सोडवून तिला आत घेतलं. आत आल्यावर ती सरळ सीटखाली शिरली. तिची आई रडकुंडीला आली होती. शेवटचा उपाय म्हणून तिनं आजूबाजूला पाहिलं, तिची नजर आत्याच्या जाड चष्म्यावर आणि काळ्या पर्सवर पडली, आणि ती सीटखाली वाकून म्हणाली, "भाएर ये, नाही तं ते बाई पाह्य, डॉक्टरीण आहे, ते सुई देईन तुले!"

तिला बिचारीला काय माहीत की ती चुकून खरं बोलली होती.

आत्या उठली.  "मी सुई देईन? काहून देईन? काय केलं तिनं? चोरी केली?" बाई घाबरून उभीच राहिली. "सुई शिक्षा असते का वं बाई? औषध असते ते. तू पोरीले रोज सांगत असशीन का सुई म्हणजे शिक्षा, मंग दवाखान्यात ते कशी शहाणीसारखी हात देईन?" कंडक्टर म्हणाला, "बाई, बसून घ्या, गाडी सोडून राहिलो." आत्या म्हणाली, "सोडा, मी कुठी अडवली?" आणि ती आपल्या सीटवर न बसता त्या बाईच्या शेजारी जाऊन बसली. मी आमच्या दोघींच्या पिशव्या घेऊन मागच्या सीटवर आले.

बाईचा बांध फुटला तो तिथे. ती कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती. मुलीचं नाव प्रज्ञा. मुलीच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही, त्यामुळे दर महिन्याला अकोल्याला नेऊन रक्त चढवावं लागतं. आधी मुकाट यायची. मग एकदा शीर सापडली नाही, पुन्हा पुन्हा टोचलं, माणसांनी धरून ठेवलं, आणि तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की ती पळते, लाथा मारते, चावते. मागच्या वेळी दवाखान्याच्या फाटकातूनच पळाली. "तवापासून आणलीच नाही मी, म्याडम," बाई म्हणाली. "तिचे बाबा म्हणते घेऊन जा. पण पाय धराले मलेच लावतात. माह्याच पोरीचे पाय. ते माह्याकडे पायते. मले नाही होत." मी खाली वाकून पाहिलं. सीटखालचा तो चेहरा कागदासारखा पांढरा होता, ओठही पांढरे, आणि डोळे मात्र मांजरीसारखे सावध.

आत्या खाली वाकली नाही. समोर बघतच, पण सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "प्रज्ञा, मी डॉक्टर आहे. माह्या पर्समंदी सुई नाही. तुले खोटं वाटत असन तं पर्स घे, तपासून पाह्य." आणि पर्स उघडून खाली ढकलली. बराच वेळ खालून फक्त खुडबुड ऐकू आली. मग एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. चष्म्याचं घर, किल्ल्या, लवंगांची डबी, वास्तुशांतीतला पेढा कागदात गुंडाळलेला, रुमाल, आणि दोन ट्यूब. शेवटी प्रज्ञा स्वतः बाहेर आली. "हे काय हाय?" तिनं ट्यूब दाखवून विचारलं.

"मलम. हे लावलं का कातडीले झोप लागते. तू जागी राह्यतं, फक्त कातडी झोपते."

"मंग?"

"मंग तिथी सुई टोचली तं कमी लागते."

सुईचं नाव ऐकून मुलगी पुन्हा खाली सरकू लागली. तिची आई घाईनं म्हणाली, "नाही नाही, आज सुई नाही, आज फक्त—" आत्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिचं वाक्य हवेतच राहिलं. "सुई आहे," आत्या म्हणाली. "आज सुई आहे, प्रज्ञा. मी खोटं नाही सांगणार. रक्त चढवा लागीन, नाही तं तुले खेळता येणार नाही, पायऱ्या चढता येणार नाही. आता येते का चढता?" मुलीनं मान हलवून नाही म्हटलं. "मंग सुई आहे. पण माह्यं म्हणणं आहे का तुले लय कमी लागीन. अन् नाही लागलं कमी, तं तू मले चावजो."

मुलीनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "कुठी?"

"हे घे." आत्यानं आपलं मनगट पुढे केलं. "इथी. हात मी तुह्या तोंडाजवळ ठेवीन. खोटी निघाली तं चाव."

त्या मुलीला जन्मात कुणी असा सौदा देऊ केला नसणार. तिनं मनगट उलटसुलट करून पाहिलं, बोटानं दाबून पाहिलं, आणि आपला हात पुढे केला. आत्यानं तिचे दोन्ही तळहात पालथे करून मागच्या शिरा पाहिल्या, कोपराच्या आतल्या बाजूच्या पाहिल्या, हव्या त्या जागांवर मलमाचा जाड थर दिला. पट्टी नव्हती. समोरच्या सीटवर एक गृहस्थ ब्रेडचा पुडा घेऊन चालले होते. आत्यानं त्यांना काही न सांगता हात पुढे केला आणि त्यांनी काही न विचारता ब्रेड मांडीवर ओतून वरचा प्लास्टिकचा कागद दिला. मी पिशवीतल्या कात्रीनं त्याचे तुकडे केले, रुमालाच्या पट्ट्यांनी बांधले. आत्यानं स्वतःच्या हातावरही तेवढाच ठिपका लावला आणि त्यावर तुकडा बांधून दोघी तशाच बसल्या. आकोट ते अकोला रस्त्याची त्या वर्षी जी अवस्था होती, तिला आम्ही एरवी शिव्या द्यायचो. मलमाला तासभर लागतो, आणि त्या रस्त्यानं तो तासभर आम्हाला खड्ड्याखड्ड्यातून पुरेपूर दिला.

आम्ही दोघीही त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो. आत्यानं नोकरी केली ती ही जागा नव्हे, त्यामुळे तिथल्या तरुण डॉक्टरांना ती कोण ते माहीत नव्हतं. प्रज्ञाला मात्र ते ओळखत होते. तिला पाहताच त्यांनी दाराकडे बघून हाक मारली, "दोघं-तिघं या रे, धरायला." प्रज्ञाचं सगळं अंग ताठ झालं. आत्या मध्ये उभी राहिली. "कोणी येणार नाही. कोणी धरणार नाही."

"आजी, ही चावते."

"मले माहीत आहे. ठरलं आहे आमचं."

डॉक्टरांनी हातावरची ब्रेडच्या कागदाची पट्टी पाहिली आणि मलम ओळखलं. ते चांगले होते, फक्त थकलेले होते, बाहेर बाक भरून मुलं बसली होती. ते म्हणाले, "हे लावलं की शीर आखडते. आधीच हिची शीर सापडत नाही. पुन्हा पुन्हा टोचायला लागलं तर काय उपयोग?" हे चुकीचं नव्हतं. आत्यानं तेही मान्य केलं. "आखडते, बरोबर आहे. पुसून टाका, हात कोमट पाण्यात ठेवा, थोडं थांबा, फुगते वापस." डॉक्टर म्हणाले, "थांबायला वेळ कुठे आहे?" आत्याचा आवाज चढणार म्हणून मी डोळे मिटले. पण ती हळूच बोलली, आयुष्यात पहिल्यांदा. "हिले धराले किती वेळ लागत होता, डॉक्टर? मागच्या टायमाले फाटकातूनच पळाली, तिले पकडाले गेले, त्याले किती लागला? अन् मंग ते आलीच नाही. तिचं तोंड पाहा एकदा."

डॉक्टरांनी पाहिलं. मग ते स्वतः उठून कोमट पाणी घेऊन आले.

मी ते थांबणं कधी विसरणार नाही. लहानशी खोली, पंख्याची घरघर, पाण्यात बुडवलेला एक पांढराफटक हात, आणि बाहेरच्या बाकावरून डोकावणारी मुलं. प्रज्ञाची आई सवयीनं पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली होती. आत्यानं तिला तिथून हलवून डोक्याशी बसवलं. "पाय नको धरू आता. डोक्यावर हात ठेव." मग आत्यानं स्वतःचं मनगट मुलीच्या तोंडाशी नेलं, आणि प्रज्ञानं, ठरल्याप्रमाणे, त्यावर दात ठेवले. खरोखर ठेवले. मला तिच्या दातांच्या कडा आत्याच्या कातडीत रुतलेल्या दिसत होत्या. समजा शीर सापडली नाही तर? समजा मलम लागलंच नसेल तर? एका मुलीचा उरलासुरला विश्वास आणि माझ्या आत्याचं मनगट, दोन्ही पणाला लागलेली. डॉक्टरांनी हात पुसला, कोरडा केला, शीर चाचपली, वाट पाहिली, पुन्हा चाचपली. त्यांच्या कपाळावर घाम होता. मग त्यांनी सुई घातली. मी आत्याच्या मनगटाकडे बघत होते. दात होते तिथेच होते. मिटले नाहीत.

थोड्या वेळानं प्रज्ञानं मनगटावरून तोंड बाजूला घेतलं आणि कंटाळून विचारलं, "कव्हा टोचता?"

"टोचलं," डॉक्टर म्हणाले. 

मुलीनं आपल्या हाताकडे पाहिलं, त्यातून जाणाऱ्या नळीकडे पाहिलं, मग आत्याकडे. "उलिसं दाबल्यावानी झालं," म्हणजे जरासं दाबल्यासारखं, असा निकाल तिनं दिला, आणि पेढा मागितला. तिची आई मात्र पदर तोंडात घालून हुंदके द्यायला लागली, थांबेचना. आत्या तिच्यावर ओरडली, "आता तू कायले रडून राहिली? तुह्या हाताले लावू का मलम?" पण ओरडताना तिचा हात त्या बाईच्या पाठीवर होता, आणि बराच वेळ होता.

त्यानंतर प्रज्ञाची एकही खेप चुकली नाही. तिची आई आकोटच्या स्टँडवर गाडी लागली की मलम लावायची आणि अकोल्यात उतरेपर्यंत हात सुन्न व्हायचा. काही महिन्यांनी तर कंडक्टरच घंटी मारायच्या आधी विचारू लागला, "प्रज्ञा, मलम लागलं का? सोडू गाडी?" पुढे मुलगी स्वतःच लावू लागली. आज ती कॉलेजात जायच्या वयाची आहे, रक्त अजून लागतंच, कधी फार थकते, पण एकटी येते आणि एकटी जाते.

आणि आत्या? तिला निवृत्तीत काय करायचं ते सापडलं. ती रोज त्या दवाखान्यात जाऊन बसू लागली. वरच्या साहेबांना भेटायला गेली, ते कामात आहेत म्हटल्यावर त्यांच्याच केबिनमधल्या खुर्चीवर बसून स्वेटर विणू लागली आणि त्यांना आपलं म्हणणं ऐकावं लागेपर्यंत उठली नाही. तो स्वेटर पुढे साहेबांच्या नातवालाच गेला. तोच तरुण डॉक्टर तिच्या बाजूनं उभा राहिला. आता तिथे मूल आलं की आधी हाताला मलम लागतं आणि मग आई कागदपत्रांच्या रांगेत उभी राहते. रांग संपेपर्यंत हात तयार. टाके घालायच्या खोलीत औषधाचे बोळे आहेत, बारीक सुया वेगळ्या ठेवल्या आहेत. कुठे पाटी नाही, कुणाचं नाव नाही. तिथे नव्यानं लागलेल्या नर्सला विचारलं तर ती म्हणते, इथे असंच करतात. मला हे वाक्य फार आवडतं. मी ते स्टाफरूममध्ये सांगते तेव्हा माझा आवाज आत्यासारखाच मोठा होतो.

गेल्या हिवाळ्यात मी तिला भेटायला अकोल्याला गेले. आता तिच्या हाताला कंप आहे, ऐकूही कमी येतं. यंत्र घेऊन दिलं तर म्हणते, कानात मुंग्या बसल्यासारखं होते. तरी दुपारी ती मला घेऊन दवाखान्यात गेली आणि मुलांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली. आत कुणी तिला बोलावलं नव्हतं, ती आत गेलीही नाही. दाराशी ऊन तिरपं पडलं होतं. तिनं काठी पायाशी ठेवली आणि मान जरा वाकडी करून बराच वेळ ऐकण्याचा प्रयत्न केला. मग मला विचारलं, "कोणी रडून राहिलं का वं?"

मी कान दिला. आत खरोखरच एक मूल रडत होतं. मला क्षणभर वाटलं, नाही म्हणावं. पण तिच्यासमोर ते जमत नाही. "हो," मी म्हटलं. "एक रडतंय."

ती काठी शोधू लागली. मी तिला थांबवलं आणि आत जाऊन पाहून आले. खिडकीजवळच्या पलंगावर एक दोनेक वर्षांचा मुलगा गळा काढून रडत होता, त्याची आई त्याला थोपटत हसत होती.

"सुई?" आत्यानं विचारलं.

"नाही गं. चहात बुडवताना त्याचं बिस्किट आतच पडलं."

आत्या पुन्हा मागे टेकून बसली. "मंग रडू दे," ती म्हणाली. "ते त्याचं त्याले रडू दे." आणि आपले थरथरणारे हात मांडीवर ठेवून, तिला ऐकू न येणारं ते रडणं ती तशीच ऐकत बसली, ऊन बाकावरून सरकून जाईपर्यंत.